आलोक, लोचन आणि एक निळी पट्टी

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी दिवा निवडणे हा साहित्यविषयक लेखनाचा विषय नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. एकजण कल्याणला शिकवतो, दुसरे डोंबिवलीला. घर कल्याण पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षभरात आमच्या घरात जेवणाच्या ताटावर, लोकलच्या दारात आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांआडून ज्या एका प्रश्नावर सर्वाधिक वाद झाले, तो प्रश्न मात्र साहित्याचा नव्हता, दिव्याचाच होता. त्या वादात आमच्यातले कोण काय म्हणाले हे येथे मुद्दाम वेगळे करून सांगितलेले नाही. एक तर वाद घालता घालता बाजू बदलण्याची खोड दोघांनाही आहे. आणि दुसरे असे, की शेवटी जी चूक झाली ती दोघांची मिळून होती.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे १९० लिटर पाणी आणि लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने साडेसहा किलोंहून अधिक मीठ. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात ज्या कल्याणचा 'कॅलिएना' असा बंदर म्हणून उल्लेख येतो, ज्या कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आपली पहिली जहाजे बांधायला घेतली, त्या कल्याणात आम्ही शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात पुड्यातले मीठ कालवून समुद्र तयार करतो, याची गंमत आम्हांला अजूनही वाटते. निळ्या पाण्याचे म्हणाल तर तेही आमच्या परिसराला नवे नाही. उल्हासनगरला जीन्स रंगवण्याचे कारखाने जोरात होते त्या दिवसांत वालधुनी नदी अनेकदा निळी वाहताना आम्ही रेल्वेच्या पुलावरून पाहिली आहे. असो.

ही टाकी खरे म्हणजे नानांची. नाना म्हणजे घरातले ज्येष्ठ. आमच्यातल्या एकाचे वडील, दुसरीचे सासरे, आणि आमच्या मुलीचे आजोबा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून २००७ साली निवृत्त झाले, त्यानंतर त्यांनी प्रथम गोड्या पाण्याची लहानशी टाकी आणली. गप्पी, मोली असे सोशिक मासे. पुढे २०१५ साली मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले, तेव्हा नातीला घेऊन ते तेथे गेले. काचेच्या कमानीखालून चालताना सहा वर्षांच्या नातीने जे विचारले त्याचे उत्तर म्हणून तीन वर्षांनी आमच्या दिवाणखान्यात खारे पाणी आले. २०२०च्या टाळेबंदीत ते मत्स्यालय बंद झाले आणि त्यानंतर आम्हांला ते पाहता आलेले नाही. पण नानांची टाकी त्या टाळेबंदीतही चालू होती, आणि ऑनलाइन तासांना शिकवताना आमच्या मागे बुडबुड्यांचा आवाज येत असल्याची तक्रार विद्यार्थ्यांनी एकदा नोंदवली होती.

टाकीत दगड कृत्रिम आहेत, आणि ते तसे असण्याला कारण आहे. 'प्रवाळ' हा शब्द आपल्याला फार परिचित. संस्कृतात तो कोवळ्या पालवीलाही आहे आणि समुद्रातल्या पोवळ्यालाही. त्यामुळे कवींच्या हाती ओठांसाठी एकाच शब्दात दोन उपमाने आली. वैद्यांच्या हाती त्याचे भस्म झाले, सोनारांच्या हाती अंगठीतला खडा. वनस्पती, दगड की प्राणी या घोळात हजारो वर्षे राहिलेल्या या जीवाला आपल्याकडच्या कायद्याने मात्र २००१ साली स्पष्टपणे प्राणी मानले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घालण्यात आले. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंक्तीला बसले. परदेशातली चित्रे पाहून 'तसेच आपल्याकडे करू' असे म्हणणाऱ्या कोणालाही प्रथम हे कळायला हवे. एका दुकानात आम्हांला 'टाकीतच वाढवलेली' म्हणून एक जांभळी फांदी दाखवण्यात आली होती. कागद मागितल्यावर ती पडद्यामागे गेली, आणि आम्हीही बाहेर आलो. आमच्या टाकीत आहेत ते छत्रीसारखे दिसणारे 'मश्रूम' आणि बटणांच्या पुंजक्यासारखे झोअँथिड. हे दगडी प्रवाळांचे नातेवाईक, पण सांगाडा न बांधणारे. डोंबिवलीच्या एका तरुण हौशी मित्राच्या टाकीत ते वाढून वाढून गर्दी करू लागले, तेव्हा त्याने तुकडे दिले. शिवाय दोन क्लाऊन मासे होते, तेही हौदात पैदास झालेले. मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी ही पैदास आपल्याकडे साधलेली आहे, तेव्हा समुद्रातून मासा उचलून आणण्याचे कारण उरलेले नाही.

तर दिवा. जुना दिवा चार बारीक नळ्यांचा होता, दोन पांढऱ्या आणि दोन निळ्या. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आधी एक नळी गेली, मग चोक गेला, मग दुरुस्ती करणाऱ्याने हात वर केले. एलईडी घेणे भागच होते. वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता नुकताच जमा झाला होता, त्यामुळे मुख्य दिव्याबरोबरच एक जादा पट्टीही घ्यावी असे ठरले. संध्याकाळी मुख्य दिवा मालवल्यानंतर केवळ शोभेसाठी लावायची, निळ्या-जांभळ्या उजेडाची पट्टी. हा शोभेचा भाग आमचा आणि मुलीचा. नानांनी एवढेच विचारले, "मुख्य दिवा किती वॅटचा?"

येथे नानांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. त्यांचे सगळे आयुष्य रंगीत उजेडात गेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मनमाडच्या पलीकडच्या लहान स्थानकांवर ते होते. तेथे हात वर-खाली करणारे सिग्नल असत आणि रात्री त्यांच्यात रॉकेलचे दिवे जळत. नाना सांगतात, की त्या सिग्नलच्या 'हिरव्या' काचेचा रंग हातात घेऊन पाहिला तर निळसर असे. रॉकेलची ज्योत पिवळी. पिवळ्या ज्योतीपुढे निळसर काच आली की ड्रायव्हरला दुरून हिरवा दिसे. काच हिरवीच घातली असती तर उजेड पिवळट आला असता आणि पिवळ्या सिग्नलशी घोटाळा झाला असता. पुढे विजेचे दिवे आले, निवृत्तीच्या सुमारास एलईडी आले. शंटिंगच्या सिग्नलला जो पांढरा उजेड असतो त्याला रेल्वेत 'लूनर व्हाइट' म्हणतात, चांदण्यासारखा पांढरा. मराठीचे दोन अध्यापक घरात असूनही हा शब्द आम्हांला नानांकडून कळला, आणि तोही टाकीच्या दिव्याची चर्चा निघाल्यावर.

दिवा निवडण्याच्या निमित्ताने आम्ही जे वाचले त्यातले थोडे येथे सांगतो; विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे. पाण्यात उजेड शिरला की तांबडा आधी संपतो, पहिल्या काही मीटरांतच. खोल जावे तसा निळा तेवढा उरतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे 'आंग्रिया बँक' नावाचे बुडालेले पठार आहे. त्याचा माथासुद्धा पाण्याच्या पृष्ठाखाली सुमारे वीस मीटरवर आहे, आणि त्यावर प्रवाळ आहेत. त्यांना आयुष्यभर मिळतो तो असाच चाळून आलेला निळा उजेड. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि घरमालकाला वाटा देते. म्हणून दिवा ही टाकीची शोभा नसून शिधा आहे. फार कमी पडला तर उपासमार, एकदम फार पडला तर शैवालच बाहेर टाकले जाते आणि प्राणी पांढरा पडतो. नवा एलईडी लावल्यावर पहिल्या दिवशी तो पूर्ण तेजाने लावू नये, तिसाव्या-चाळिसाव्या टक्क्यापासून आठवड्या-आठवड्याने चढवत न्यावा, हा सल्ला जाणते हौशी देतात तो या कारणाने.

दिव्याच्या खोक्यावर लिहिलेले आकडे वाचणे हा एक वेगळाच अभ्यास. केल्विनमध्ये रंगाचे 'तापमान' दिलेले असते. दुपारचे ऊन साधारण साडेपाच ते साडेसहा हजार. या टाक्यांचे दिवे दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत. आकडा चढतो तसा रंग थंड होत जातो, हा विरोधाभास अलंकार कोणा शास्त्रज्ञाने योजला असेल ते असो. पण पट्टीसाठी हा आकडा निरुपयोगी. तेथे नॅनोमीटर पाहावे लागतात. दिवाळीला गॅलरीत सोडतो त्या सजावटीच्या पट्टीतला निळा बहुधा ४७०च्या आसपासचा असतो. त्यात टाकी निळी दिसते, पण आतले जीव म्हणावे तसे पेटत नाहीत. ते पेटतात ४५०च्या गडद निळ्यात आणि ४२०च्या जांभळ्यात.

'पेटतात' हा शब्द कुर्ल्याच्या दुकानदाराचा. मत्स्यपालनाच्या हौशी लोकांची पंढरी कुर्ला, तेव्हा वारी तेथे करणे प्राप्तच होते. दुकानदाराने पुढचे दिवे मालवले, शटर अर्धे ओढले आणि एका टाकीवर पट्टी धरून म्हणाला, "आता बघा सर." आणि पांढऱ्या उजेडात चिखलाच्या रंगाचे दिसलेले मश्रूम हिरवेगार झाले; झोअँथिडची बटणे नारिंगी पेटली; दगड, वाळू, काच, सगळे अंधारात गेले आणि रंग तेवढे अधांतरी उरले. आम्ही क्षणभर गप्प झालो. वर्गात 'विस्मय हा अद्भुताचा स्थायी भाव' असे सांगणे वेगळे आणि कुर्ल्याच्या अर्ध्या शटराआड तो स्थायी भाव अनुभवणे वेगळे.

परतीच्या गाडीत वाद सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे, की हा निव्वळ अलंकार आहे, तोही बाहेरून चढवलेला. मिठाईच्या दुकानात पेढ्यांवर सोडलेल्या पिवळ्या दिव्यासारखा. जीव जसा आहे तसा पांढऱ्या उजेडात पाहावा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की रंग बाहेरून आलेलाच नाही. पट्टी निळी, दिसते ते हिरवे आणि नारिंगी. दिव्यात जे नाही ते दिव्याने चढवले कसे म्हणता येईल? या बाजूला विज्ञानाचा आधार होता. या जीवांच्या अंगात अशी प्रथिने असतात, की ती आखूड लहरींचा उजेड पिऊन लांब लहरींचा उजेड बाहेर टाकतात. जेलीफिशमध्ये सापडलेल्या अशाच हिरव्या प्रथिनाच्या कामासाठी २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. आणि ज्या निळ्या एलईडीमुळे हे सगळे दिवाणखान्यात पाहता येते, त्याच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे. तांबडा एलईडी १९६०च्या दशकापासून होता. निळ्याला आणखी तीस वर्षे लागली.

मराठीच्या अध्यापकांच्या घरात हा वाद ध्वनिसिद्धान्तावर गेला नसता तरच नवल. वाच्यार्थाचा दिवा लावावा आणि त्याने शब्दांत न सांगितलेला दुसराच अर्थ उजळावा. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून याहून वेगळे काय सांगितले? दिव्याचा दृष्टांत त्याच्याही ग्रंथात आहेच. ग्रंथाचे नावच 'ध्वन्यालोक', त्यातला आलोक म्हणजे उजेड. त्यावर अभिनवगुप्ताची टीका, तिचे नाव 'लोचन'. मधल्या काळात त्याच्याच घराण्यातल्या कोणा पूर्वजाने लिहिलेली 'चंद्रिका' नावाची टीका होती; ती आज उपलब्ध नाही, पण अभिनवगुप्त तिला जागोजाग खोडून काढतो आणि आलोक, चंद्रिका, लोचन या तीन नावांवर कोटी करायचेही सोडत नाही. आम्हांला हा योग फार आवडला. पट्टीला आम्ही घरात 'चंद्रिका' म्हणू लागलो. (मुलीने हे नाव ऐकून जो चेहरा केला तो येथे वर्णन करण्यासारखा नाही.) आलोक झाला, चंद्रिका झाली. तिसऱ्या नावाकडे आमचे लक्ष गेले नाही. ते जायला हवे होते.

पट्टी आली. ती टाकीच्या झाकणाच्या पुढच्या कडेला, उजेड मागे पडेल अशी बसवली. मागून लावली असती तर रंगांऐवजी काळ्या आकृत्याच दिसल्या असत्या. वायरला प्लगच्या खाली झोका सोडला, म्हणजे थेंब ओघळला तरी प्लगमध्ये न जाता खाली पडेल. हे नानांनी करून दिले, कोणी न सांगता. जोडावर मिठाची साय चढू नये म्हणून वर सिलिकॉनचा लेप दिला. टाइमर लावला: मुख्य दिवा सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, मग दहापर्यंत निळी पट्टी. मित्राकडून उजेड मोजण्याचे यंत्र आणून मुख्य दिव्याचे तेज मश्रूमना मानवेल इतके ठेवले. मग पहिल्या रात्री दिवाणखान्यातले सगळे दिवे मालवून आम्ही समोर बसलो.

मुलगी टाळ्या पिटत होती. शेजारचे आले, त्यांनी मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि ती काळीनिळी आल्याबद्दल मोबाइलला दोष दिला. नाना आपल्या खुर्चीत बसले होते. "छान आहे," म्हणाले, आणि थोड्या वेळाने उठून आत गेले.

पुढचे दोन महिने असेच गेले. पूर्वी संध्याकाळी सात ते नऊ ही नानांची टाकीपुढे बसण्याची वेळ. ते काही बोलत नसत, नुसते पाहत असत. ट्रेन येण्याआधी सिग्नलच्या खाली उभे राहणाऱ्या माणसाचे पाहणे. आता सातला पांढरा दिवा मालवून निळी पट्टी लागली की ते दहा-पंधरा मिनिटांत उठू लागले. आम्हांला वाटले, नाराज आहेत. त्यांच्या टाकीला आम्ही लग्नाच्या हॉलसारखे करून टाकले असे त्यांना वाटत असणार. मग वाटले, वयाने माणसाची आवड घट्ट होते. खरे सांगायचे तर आम्ही त्यांना मनातल्या मनात अरसिक ठरवून मोकळे झालो होतो. सहृदय कोणाला म्हणावे, त्याच्या मनाचा आरसा काव्याच्या अभ्यासाने कसा निर्मळ झालेला असतो, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत.

माशांना संध्याकाळचे खाणे घालायचे काम नानांचे. सवयीने ते साडेसातला घालत, म्हणजे आता निळ्या उजेडात. नोव्हेंबरात पाण्याला वास येऊ लागला. मश्रूम मिटून गोळे झाले. चाचणीच्या नळीत अमोनिया दाखवणारा हिरवा रंग चढला. आम्ही पाणी बदलले, गाळणी धुतली, आणि वाळू ढवळताना दगडांमागे न खाल्लेल्या दाण्यांचा कुजका थर सापडला. चिमूटभराच्या जागी चमचाभर दाणे पडत होते. दोन क्लाऊनपैकी मोठा तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर आडवा सापडला.

त्या संध्याकाळी आमच्यातले कोणीतरी नानांना म्हणाले, "नाना, यापुढे खाणं तुम्ही घालत जाऊ नका. आम्ही बघू." सुरुवातीला म्हटले तसे, कोण काय म्हणाले हे आम्ही वेगळे करून सांगत नाही. पण हे वाक्य कोणाचे ते आम्ही विसरलेलो नाही. नानांनी हातातली डबी टाकीच्या झाकणावर ठेवली. "बरं," म्हणाले.

उलगडा झाला तो वीज गेल्यामुळे. कल्याणकरांना भारनियमनाच्या दिवसांत संध्याकाळचे तास अंधारात काढण्याची तालीम मिळालेली आहे. आता वीज तशी जात नाही, पण त्या रात्री गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू करायला मुलगी टाकीजवळ गेली आणि तिने मोबाइलचा विजेरीचा दिवा आत मारला. लहानसा, पांढरा, एका कोपऱ्यापुरता. नाना आपल्या खुर्चीतून म्हणाले, "तो बघ, बारका तिथं डाव्या कोपऱ्यात आहे. जिवंत आहे." मुलीने मागे वळून विचारले, "आजोबा, हा तुम्हांला रोज दिसत नाही?"

"रोज कुठं उजेड असतो," नाना म्हणाले. "सातला दिवा जातो की काळोखच."

नेत्रतज्ज्ञ आमच्याच परिसरातले. त्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले, उजव्यात अधिक पिकलेला. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाप्रमाणे पिवळे पडत जाते, मग तपकिरी होते, आणि पिवळी काच सर्वांत आधी अडवते ते निळे आणि जांभळे किरण. हे हळूहळू होत असल्यामुळे माणसाला कळतच नाही. आम्ही पट्टीचे नॅनोमीटर सांगितले तेव्हा डॉक्टर हसले. "म्हणजे तुम्ही नेमका तोच उजेड आणलात, जो यांना पोचत नाही." जे आम्हांला हिरवे-नारिंगी पेटलेले दिसत होते, ते पेटवणारा निळा नानांना जवळजवळ दिसत नव्हता. मश्रूमचा हिरवा थोडा दिसला असेल, पण पाणी, मासा, पडणारे दाणे, सगळे अंधारात. दाणे दिसत नाहीत म्हणून ते आणखी घालत होते. विचारले का नाही? तर सगळी नोकरी रंगीत दिव्यांवर काढलेल्या आणि रंगदृष्टीची चाचणी पुन्हा पुन्हा उत्तीर्ण झालेल्या माणसाने मला रंग दिसत नाही असे घरात कसे म्हणावे? हा आमचा तर्क. ते स्वतः एवढेच म्हणाले, की तुम्ही सगळे इतके खूश होता.

चित्रकार मोने याची गोष्ट कलेच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. मोतीबिंदू वाढला तसे त्याच्या चित्रांत तांबडे-तपकिरी साम्राज्य आले. १९२३ साली उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर रंग चुकीचे दिसतात म्हणून तो रंगीत काचांचे चष्मे बदलत राहिला. आम्ही ती गोष्ट अनेकदा वर्गात सांगितली होती, 'दृष्टी बदलली की शैली बदलते' या मुद्द्यासाठी. घरात मात्र ती कोणाला आठवली नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक निवड करावी लागली. आत बसवायचे भिंग दोन प्रकारचे मिळते, स्वच्छ पारदर्शक आणि किंचित पिवळसर. दुसरे निळे किरण थोडे अडवते. डॉक्टरांच्या मते रोजच्या व्यवहारात फारसा फरक पडत नाही, तेव्हा घरच्यांनी ठरवावे. आम्ही पुन्हा वाचायला बसलो. पुन्हा दोन बाजू झाल्या. दोन दिवसांनी लक्षात आले, की ज्यांच्या डोळ्यात ते बसायचे त्यांना आम्ही विचारलेलेच नाही. नानांना विचारले. त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न केला, "ड्रायव्हरला कुठलं बसवाल?" डॉक्टरांनी थोडा विचार करून "साधं पारदर्शक" असे सांगितले. तेच बसले.

पट्टी काढली ती उजवा डोळा उघडला त्याच संध्याकाळी पुन्हा चढली, नानांच्या सांगण्यावरून. सातला मुख्य दिवा मालवला. नाना बराच वेळ पाहत राहिले. मग उजवा डोळा हाताने झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा. "एक टाकी आहे, एक नाही," म्हणाले. आणि मग आम्हांला समजावून सांगावे तसे, "ह्या डोळ्यात अजून रॉकेलचा दिवा आहे." थोड्या वेळाने त्यांनी पट्टीचा डिमर मागितला आणि निळा बराच उतरवला. "एवढा कशाला? दिसण्यापुरता पुरे." आम्ही दोघे त्या वेळी काही बोललो नाही. शोभेची आमची मोजपट्टी त्यांच्यापेक्षा दुप्पट होती, हे खरे.

आता टाइमरवर तीन वेळा आहेत. सात ते आठ अगदी मंद पांढरा, नानांच्या भाषेत लूनर व्हाइट, डाव्या डोळ्यासाठी. त्या तासात खाणे पडते, आणि ते नाना घालतात. आठ ते दहा मंद निळा. उरलेला बारका क्लाऊन वाढतो आहे. या माशांत सगळे जन्मतः नर असतात आणि मोठी मादी गेली की उरलेला नर मादी होतो, असे वाचल्यापासून मुलगी त्याला काय हाक मारावी या पेचात आहे. डाव्या डोळ्याची तारीख गणपतीनंतरची मिळाली आहे. डॉक्टर लवकरची देत होते, पण नानांनी ती पुढे ढकलली. दोन्ही डोळे आलटून पालटून झाकण्याचा त्यांचा कार्यक्रम रोज आठ वाजता, पांढरा जाऊन निळा येतो त्या क्षणी चालतो, आणि नात शेजारी बसून विचारते, "आजोबा, आता कुठला?"